आठ जणींचा हलवा

हलवा एकटीनं होत नाही, असं अंबूआत्या म्हणायची. अंबूआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, बेळगावची. ती असलं पुष्कळ म्हणायची, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. आणि आता तर मी नववीत होते. आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले होते. देशपांडे नगराच्या उतारावर सायकलचे दोन्ही हात सोडून येत होते, अर्थात अप्पा ऑफिसात असताना. ज्या मुलीला एवढं जमतं तिला तीळ आणि साखर जमणार नाही होय?

दर वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी हुबळीत आमच्या घरी बायका जमायच्या. बेळगावहून आत्या, गदगहून मावशी, माझ्या दोन काकू, समोरच्या मंगलाकाकू, आई, अक्का आणि मी. मोजून आठ. मागच्या व्हरांड्यात शेगडी, शेगडीत राखेनं झाकलेले निखारे आणि त्यावर आत्यानं गाडीत मांडीवर ठेवून आणलेली पितळी परात. परातीत तीळ. एकीनं चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं, हळू, गोल, न थांबता. चटका सोसेना झाला की शेजारचीनं आपला हात परातीत घालायचा आणि मगच पहिलीनं काढायचा. पाक वाळता वाळता तिळाभोवती साखरेचे बारीक काटे उभे राहतात. पण परात थांबता कामा नये.

"हात थांबला की काटा गेला," आत्या म्हणायची. आणि माझी पाळी आली की, "सरे, हात चालव, तोंड नको."

तोंड चालायचंच. सगळ्यांचंच. कोणाची सून उलट बोलली, कोणाचं दूध नासलं, गदगच्या डॉक्टरची बायको कशी चालते. अक्का तिची चाल करून दाखवायची तेव्हा मावशी हसता हसता पाकाचा चमचा शेगडीत पाडायची. दर वर्षी. आम्ही वाटच बघायचो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुमावती. ती रोज बसनं धारवाडला युनिव्हर्सिटीत शिकायला जायची. मागच्या वैशाखात तिनं तिथल्याच महादेव नावाच्या लेक्चररशी रजिस्टर लग्न केलं. ते लिंगायत, कानडी बोलणारे. अप्पा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मी मधे पडून काहीतरी बोलले असते. ते फक्त तिचं नाव घ्यायचे थांबले. अप्पा पोस्टात आहेत. पत्ता न लागलेलं पत्र जसं बाजूला काढून ठेवतात, तसं त्यांनी ते नाव बाजूला काढून ठेवलं.

डिसेंबरात त्यांनी चार कार्डं लिहिली आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिली. कार्ड म्हणजे उघडंच की, मी वाचलं. चारीवर एकच मजकूर. 'यंदा संक्रांतीस आमचेकडे कांही करणे नाही. येण्याची तसदी घेऊ नये.' आत्याला एक, मावशीला एक, दोन काकूंना दोन. मी ती टाकली. आत पडल्याचा आवाज चारदा आला. समोरच्या मंगलाकाकूंना कार्ड लागलंच नाही, त्या आपल्या आपण यायच्या थांबल्या.

मग घरात आम्ही तिघं. तीन ताटं, तीन खुर्च्या. वक्तृत्वाचा कप घेऊन मी धावत घरी आले तर आईनं तो पदरानं पुसून कपाटात ठेवला आणि अप्पा म्हणाले, "छान." अक्का असती तर तिनं ते भाषण माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं असतं, आणि चौथ्यांदा स्वतःच माझ्यासारखी मान उडवत, "उपस्थित बंधुभगिनींनो" करून मला आधी चिडवलं असतं आणि मग हसवलं असतं. मी ते भाषण न्हाणीघरात बंबाला म्हणून दाखवलं. बंब चांगला श्रोता आहे. मधे बोलत नाही.

नाताळच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी मला बोलावून एक पाकीट दिलं आणि चष्म्यावरून बघितलं. अक्काचं पत्र, शाळेच्या पत्त्यावर! घरी पाठवलं असतं तर ते अप्पांच्याच ऑफिसातून आलं असतं. तिनं लिहिलं होतं, 'सरू, आई बरी आहे ना? तिचा गुडघा? भोगीच्या भाकरीवर तू तीळ फार थापतेस, यंदा बेतानं थाप. इथं सगळं छान आहे.'

सगळं छान. मी ते पत्र भूमितीच्या वहीत ठेवलं आणि तासभर विचार केला. जिथं सगळं छान असतं तिथून कोणी बहिणीला शाळेच्या पत्त्यावर पत्र घालत नाही. अक्का तिथं एकटी पडली आहे, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. परकं घर, परकी भाषा चोवीस तास, आणि लग्नानंतरची पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात, हार, बांगड्या, कर्णफुलं, नथ, सगळं हलव्याचं. ते सासरच्यांनी करायचे असतात. पण कानडी लोकांना हलव्याचे दागिने काय ठाऊक! माझ्या वर्गातल्या कानडी मुली संक्रांतीला एळ्ळुबेल्ल वाटायच्या, म्हणजे तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे. त्यात हलवा मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे अक्का त्या दिवशी रिकाम्या गळ्यानं बसणार. आणि तिच्या घरचं कोणी नसणार.

तर मी ठरवलं. दागिने मी करणार, भोगीला धारवाडला नेणार, आणि अक्काला म्हणणार, "घरी चल." त्यासाठी एक भाषणही तयार केलं. सुरुवात चांगली होती.

पाच जानेवारीला पहाटे साडेपाचला मी मागच्या व्हरांड्यात शेगडी पेटवली. थंडी अशी की तोंडातून वाफ येत होती, आणि हलव्याला थंडीच तर हवी. आमच्याकडे आत्याएवढी परात नाही, कणकेची होती ती घेतली. आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं काही विचारलंही नाही. पण पहिल्या दिवशी मी उठले तेव्हा कोळसे फोडून एकसारखे करून ठेवलेले होते. तीळ धुऊन, वाळवून, निवडून एका वाटीत. पाकात दूध घालून मळी काढायची असते हे मी विसरले होते, तर चुलीशेजारी छोट्या भांड्यात दोन चमचे दूध झाकून ठेवलेलं. आई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच राहिली. यंदा घरात काही करणे नाही, हे तिनं अप्पांना कबूल केलं होतं. दूध काढून ठेवणं म्हणजे काही करणं नव्हे.

पहिले दोन दिवस मजेत गेले. तीळ पांढरे झाले, मग फुगून ज्वारीच्या दाण्याएवढे. हारासाठी मी शेंगदाण्यांवरही पाक चढवला. मी परातीला म्हटलं, बघ, जमतंय की! तिसऱ्या दिवसापासून काटा यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी बोटं इतकी भाजली की मी हात झटकून पाण्यात घातला. तेवढ्यात परात थांबली. चौथ्या दिवशी पाक संपला, तो आणायला आत गेले. परात थांबली. पाचव्या दिवशी बोटांना ओली चिंधी बांधली, ती सुटली. रोज काहीतरी व्हायचं, आणि रोज सव्वासातला शाळेची तयारी करायची असायचीच. हात थांबला की त्या चमचाभर पाकाचं दाण्यावर सरळ कवच व्हायचं, गुळगुळीत. उजव्या हाताची पाळी संपली की मी डावा घालून बघितला. डावा हात माझाच असल्यामुळे तोही भाजलाच.

"मागं कोळशाचा वास येतोय," अप्पा चहा घेताना म्हणाले.

"पाणी तापवतेय," आई म्हणाली.

आमचा बंब मागे नाही, पुढच्या न्हाणीत आहे. अप्पांनी चहा संपवला, कप बशीवर नीट ठेवला आणि डबा घेऊन ऑफिसला गेले.

सातव्या दिवशी मी एक दाणा उजेडात धरून बघितला. पांढरा, गोल, छान चमकत होता. काटा एकही नाही. मग मी स्वतःलाच समजावलं की अंधुक उजेडात कोण बघतंय. दोन संध्याकाळी अभ्यासाच्या टेबलावर बसून दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवला. हार झाला, दोन बांगड्या झाल्या, कर्णफुलं झाली. नथ दोनदा तुटली, ती सोडून दिली. सगळं बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलं. सकाळी बघते तर कापसाखाली काळ्या चंद्रकळेचा खण घडी घालून ठेवलेला. आई शेजारच्या खोलीत केर काढत होती, नेहमीपेक्षा जरा जोरात.

भोगी शनिवारी होती. शाळा साडेअकराला सुटली. मी आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, "शाळेतून परस्पर धारवाडला जाऊन येते."

कुणाकडे, असं तिनं विचारलं नाही. "स्वेटर असू दे," म्हणाली. मग दारापर्यंत आली. "आणि खोकं उभं धरू नकोस."

एकटीनं बसनं धारवाडला जायची ही माझी पहिली वेळ. कंडक्टरला मी अशा आवाजात "सप्तापूर!" म्हटलं की पुढची दोन माणसं वळून बघायला लागली. बस धारवाडच्या स्टँडपर्यंतच जाते, पुढे चालावं लागतं, हे त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं मला समजावून सांगितलं. उणकलचं तळं गेलं. मी खोकं मांडीवर आडवं धरून मनातल्या मनात भाषण म्हणत होते. 'अक्का, जिथं आपलं माणूस नाही तिथं कितीही छान असलं तरी...' इथं थोडं थांबायचं, असंही ठरलं होतं.

सप्तापुरात पत्ता विचारत विचारत गेले. कौलारू घर, दारात मोठी रांगोळी, आणि दाराबाहेर चपला. एवढ्या चपला मी वर्षभरात आमच्या दारात पाहिल्या नव्हत्या. आतून हसण्याचा आवाज आला, सहा-सात जणींचा एकदम. मी तिथंच उभी राहिले. भाषणाची सुरुवात कुठंतरी गेली.

एक ठसठशीत कुंकवाची, नऊवारी नेसलेली म्हातारी बाहेर आली. "यारव्वा नी?" कोण गं तू?

मी कानडीत सांगितलं, कुसुमाची बहीण, हुबळीची.

"अय्य! मग उभी काय राहिलीस, वळगं बा!" तिनं माझा दंडच धरला आणि आत ओरडली, "कुसुमा, निन्न तंगी बंद्याळ नोड! तुझी बहीण!" ही अक्काची सासू, लक्कव्वा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, दोन्ही एकाच श्वासात.

मागच्या पडवीत शेगडी होती. शेगडीवर परात, आत्याच्या परातीहून मोठी. भोवती सात जणी. अक्काच्या दोन जावा, नणंद, शेजारच्या दोघी, लक्कव्वाची रिकामी जागा, आणि भिंतीला टेकून अक्का. तिनं मला बघितलं. तिचं तोंड उघडलं. पण ती उठली नाही, कारण हात तिचा परातीत होता.

"कै निल्लबारदु!" लक्कव्वा म्हणाली. हात थांबता कामा नये. आत्याचंच वाक्य, कानडी नेसून बसलेलं.

शेजारच्या जावेनं हात परातीत घातला, तेव्हा अक्कानं आपला काढला आणि मग ती आली. मला तिनं धरलं ते मनगटांनी, कारण बोटं पाकाची होती. "किती उंच झालीस गं!" म्हणाली. "आणि हातांना काय झालं?"

मी खोकं पाठीमागे घेतलं.

कारण मधल्या खोलीत पाटावर एक ताट होतं, मलमलीनं झाकलेलं, आणि लक्कव्वा ते उघडून मला कौतुकानं दाखवत होती. "कुसुरेळ्ळु. तुमच्यात हलवा म्हणतात ना? उद्या हिला घालायचेत." हार, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, कानातले वेल. आणि नथसुद्धा. एकेका दाण्यावर काटे असे दाट की बोट लावायची भीती वाटावी.

"चांगलेत," मी म्हटलं. खरंच चांगले होते. माझं तोंड पुढे काही चालेना. वक्तृत्वात पहिली!

अक्कानं माझ्यामागे हात घालून खोकं काढून घेतलं. लक्कव्वाला काय समजलं कोण जाणे, ती "चहा बघते" म्हणत निघून गेली. अक्कानं झाकण उघडलं. हार उचलून खिडकीशी नेला. एक दाणा दोन बोटांत फिरवला. ती काही बोलायच्या आतच मला कळलं की तिला सगळं दिसलं आहे.

"आत्या आली नाही?"

"नाही."

"मावशी?"

मी मान हलवली.

"काकू कोणीच? मंगलाकाकू समोरच्या समोर..."

"नाही."

"आई पण बसली नाही?"

"आईनं कोळसे फोडून दिले," मी म्हटलं. "आणि दूध. आणि हा खण."

तिनं तो खण हातात घेतला, उलगडला नाही. इतके दिवस मी समजत होते की अक्का एकटी आहे आणि मी तिच्यासाठी चालले आहे. आणि आता ती माझ्याकडे असं बघत होती, जसं मी तिच्याकडे बघायचं ठरवून आले होते.

मग तिनं एकदम विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "सरू, तुला अप्पांनी पाठवलं?"

चेहरा असा उजळला होता तिचा! एक "हो" म्हटलं असतं तर काम झालं असतं. उद्याच ती काळी साडी नेसून महादेवभावजींना घेऊन बसमध्ये बसली असती. आमच्या तीन पायऱ्या चढून आली असती. अप्पांनी दार उघडलं असतं, हातात पेपर. आणि मग? मी ते चित्र पायऱ्यांपर्यंत बघितलं, पुढे मला बघवेना. बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नसतं, आणि बोलावणं माझं चालत नाही, मी कितीही मोठ्यानं बोलले तरी.

"नाही," मी म्हटलं. "माझी मी आले."

"बरं." तिनं हार खोक्यात ठेवला, कापूस सारखा केला. मग म्हणाली, "नथ नाही केलीस?"

"दोनदा तुटली."

"तुझं सगळं घाईत. पण हा हार मी ठेवून घेणार हं. मोत्यांसारखा झालाय. टोचणार तरी नाही." ती हसली, आणि हात धुवायला म्हणून न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. नुसताच पाक असता तर एवढा वेळ लागला नसता.

लक्कव्वानं मला चहा पाजला, सज्जीची म्हणजे बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी वाढली, आणि मग परातीशी बसवलं. "बा, तंगी, नीनू कै हाक." तूही हात घाल. मी अक्काशेजारी बसले आणि परातीभोवती आठ जणी झाल्या. माझी पाळी आली. चटका बसायला लागला तसा शेजारून अक्काचा हात आत आला, माझ्या हाताला घासून, आणि मी माझा काढला. परात थांबली नाही. तिसऱ्या फेरीला दाण्यांवर बारीक पांढरी लव दिसायला लागली. काटा! मी ओरडलेच. सगळ्या हसल्या.

त्या पुष्कळ हसत होत्या. कोणा बसव्वाच्या जावयाची गोष्ट चालली होती. शब्द मला सगळे कळत होते, माणसं कळत नव्हती. त्या हसल्या की मीही हसायची, एक क्षण उशिरा. अक्का वेळेवर हसत होती.

निघताना तिनं स्टीलचा एक डबा कुसुरेळ्ळुनं भरून दिला. "आईला दे. गुडघ्याला लावायचं तेल विसरू नको म्हणावं." घरी चल, हे वाक्य मी म्हटलंच नाही. परत येताना उणकलच्या तळ्यावर ऊन तिरपं पडलं होतं. सगळी बस गजबजलेली होती आणि माझ्या शेजारची जागा कशी कोण जाणे रिकामीच राहिली. मी तिथं डबा ठेवला.

घरी आईनं तो हातात घेतला, झाकण उघडलं आणि एक दाणा तळहातावर ठेवला.

"किती जणी बसतात?" तिनं विचारलं.

"सात. मी धरून आठ."

"घातलं का तुझं तिनं?"

"ठेवून घेतलं," मी म्हटलं. "तिला सासरकडून आहेत. नथसुद्धा आहे."

"नथपण?" आई म्हणाली. आणि मग एवढंच, "बरं झालं." तिनं डबा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. लपवला नाही. मला वाटतं, त्या दिवशी तिनं केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

संध्याकाळी अप्पा आले. पाय धुतले, खुर्चीवर बसले, डबा बघितला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, कानडीत, ठिपक्याठिपक्यांनी. लग्नात भांड्यांवर घालतात तसं. कुसुमावती. अप्पांनी चष्मा लावला. ऑफिसात दिवसभर ते पाकिटांवरची नावं वाचतात, एका नजरेत वाचतात. हे नाव वाचायला त्यांना वेळ लागला. मग झाकण उघडून त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

 आई पोळी तव्यावर विसरली.

"काटा चांगला आलाय," अप्पा म्हणाले. चष्मा काढला आणि बातम्या लावायला रेडिओकडे गेले.

झालं. एवढंच. संक्रांत झाली, कोणी आलं नाही, आम्ही कोणाकडे गेलो नाही. मी तिघांच्यात तिळगूळ वाटला, त्याला काही वेळ लागला नाही. डबा टेबलावरच राहिला. त्यावर कोणी बोलत नव्हतं. पण मी पाहिलं, रोज सकाळी तो थोडा उतरलेला असायचा. मी खात नव्हते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला दातानं चाववत नाही, तुला माहीत आहे."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी डबा रिकामा झाला. आईनं घासून, पुसून ठेवला. अप्पा ऑफिसला निघाले होते. चपला घातल्या, छत्री उगीचच हातात घेतली आणि दाराकडे तोंड करूनच म्हणाले, "तो डबा परत करायचा असेल ना."

"हो," मी म्हटलं.

"लोकांचा डबा रिकामा परत देऊ नये," ते म्हणाले, आणि गेले.

आई दाराकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वरच्या फडताळातून गूळ काढ." आमच्याकडे गुळाच्या पोळ्या अक्का लाटायची. तिच्या पोळीत गूळ कडेपर्यंत जायचा. ती गेल्यापासून घरात झाल्या नव्हत्या. त्या दिवशी आईनं पीठ भिजवलं, मी तीळ भाजून कुटले, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. माझ्या पहिल्या तीन फुटल्या. आई म्हणाली, "हात हलका." नंतरच्या बऱ्या झाल्या. अप्पांसाठी एक काढून ठेवली. ती त्यांनी खाल्ली नाही. जाळीच्या कपाटात ठेवली आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धारवाडला. या वेळी बसमध्ये बसायला जागा नव्हती, मी डबा पोटाशी धरून उभी होते. भाषण तयार केलं नव्हतं. सप्तापूरच्या दाराशी आज चपला थोड्याच होत्या. अक्का स्वतःच बाहेर आली. माझा हार तिच्या गळ्यात नव्हता, संक्रांत कधीच होऊन गेली होती. पण आतल्या खोलीत आरशाच्या खिळ्याला तो टांगलेला मला दारातून दिसला, गुळगुळीत, एका बाजूला थोडा मुंग्यांनी खाल्लेला.

तिनं डबा घेतला. हातात तोलला. जड आहे हे तिला समजलं, आणि ती थांबली. झाकण उघडलं नाही. तिच्या तोंडावर तोच प्रश्न आला, आणि तिनं तो विचारला, पण आता आधीपेक्षा सावध, जसं तापलेल्या परातीला बोट लावून बघावं.

"तुला अप्पांनी पाठवलं?"

"मला नाही," मी म्हटलं. "डबा त्यांनी पाठवलाय."